यंदा गुसो लागत नाही

नवरा समुद्रात पडून नाहीसा झाला त्याला वर्ष व्हायला चार दिवस कमी होते, आणि इत्सुको अजून रडली नव्हती. यावरून आमच्या हेदा गावात सरळ दोन तट पडले होते. एक तट म्हणे, बाई दगडाच्या काळजाची, पुस्तकं लिहून लिहून डोळ्यांतलं पाणी शाईत गेलं. दुसरा म्हणे, आतल्या आत कुढतेय, फुटेल तेव्हा कळेल. दोन्ही तटांना तिच्याबद्दल तिच्यापेक्षा जास्त माहिती होती. तिला विचारलं असतं तर तिनं खरं ते सांगितलं असतं, की काही होत नाही. सकाळी उठते, देव्हाऱ्यातल्या नोरिआकीच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवते, दुपारी तोच भात गरम करून खाते. अस्थिकलशात अस्थी नाहीत, म्हणून भिक्षूंच्या सांगण्यावरून त्यात त्याचं दाढीचं सामान ठेवलं होतं. ते ठेवतानाही तिला वाटलं होतं ते इतकंच, की ब्रश आधी धुवून वाळवायला हवा होता. पण विचारतो कोण? असलं तोंडावर विचारायची आमच्याकडे रीत नाही. आमच्याकडे लोक न विचारताच सगळं करून मोकळे होतात, आणि या गोष्टीत नेमकं तेच झालं.

नोरिआकी थोरल्या भावाच्या बोटीवर खलाशी होता. थोरला भाऊ शिगेयुकी, बोटीचा तांडेल. आमच्या बोटी पहाटे निघतात, चारशे मीटर खाली जाळं सोडतात, तळावरून ओढतात आणि दुपारी परततात. जे विकलं जातं, म्हणजे कोळंबी, हिरव्या डोळ्यांची मासळी, लांब टांगांचे खेकडे, ते पाट्यांत भरतात. बाकीचा कचरा परत पाण्यात. कचरा म्हणजे काय, तर नुसते दातच दात असलेलं काहीतरी, जबड्याला थेट शेपूट जोडलेलं काहीतरी, पोटात दिवा लागलेलं काहीतरी. लग्न होऊन दोन महिने झाले होते तेव्हा नोरिआकीनं या कचऱ्यातून एक बादली भरून घरी आणली आणि मागच्या दाराशी ठेवली.

"गोष्ट सुचत नाही म्हणून काल तोंड पाडून बसली होतीस ना? ह्यांना बघ," तो म्हणाला. "ह्यांच्यापुढे आपण दोघं देखणे."

इतरांच्या नवऱ्यांनी अंगठ्या आणल्या, ह्यानं वीस वर्षं बादल्या आणल्या, असं गावातल्या बायका हसून म्हणायच्या. हसण्यात थोडा हेवा असायचा, हे त्यांनाही कळत होतं.

इत्सुको बादलीपुढे उकिडवी बसायची. मांडीवर वही, एका हातानं नाक धरलेलं. काय कुठे लोंबतं, काय कुठे चमकतं, ते आधी जसंच्या तसं काढायची आणि मग त्याला नाव, गाव, नोकरी द्यायची. अशा बादल्यांतून 'तळराज्य' उभं राहिलं. सात भागांची मुलांची कादंबरी, सहा भाग छापून झालेले. नोरिआकीनं त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं, पण चौकशी रोज करायचा.

"परवाच्या त्या कुरूप बयेचं काय केलंस? कपाळावर कंदील होता ती?"

"राणी केली."

"आणि तिचा नवरा?"

"तिच्या पोटाला चिकटलेला आहे. टाचणीएवढा. आयुष्यभर बोलत नाही."

"सुखात आहे म्हणायचा," असं म्हणून तो आंघोळीला जायचा.

पण तळराज्यात पोरांचा जीव जडला तो राणीवर नाही, गुसोवर. ओला दगड उचलला की खाली एक करडा किडा असतो, बोट लावलं की गोळी होतो. तोच किडा तळहाताएवढा झाला, वर चिलखत चढलं आणि खाली चौदा पाय आले, की झाला आमच्या आखातातला गुसो. तळून खाल्ला तर कोळंबीसारखा लागतो. इत्सुकोच्या गोष्टीत तो म्हातारा पहारेकरी आहे. वरच्या जगातून जे जे खाली पडतं, फुटकी नाव, हरवलेली छत्री, म्हातारा देवमासा, त्याला सामोरा जाणारा पहिला तोच. "आलात? दमला असाल. बसा," एवढं त्याचं बोलणं. एका मुलीनं पत्रात विचारलं होतं, आमची मांजर गेली, तिला गुसो भेटला का? इत्सुकोनं उत्तर लिहिलं होतं, भेटला, मांजर त्याच्या पाठीवर झोपते. गुसो खऱ्यात काय करतो हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो वरून आलेलं मढं खातो. त्याचं कामच ते. तिनं त्यावर गोडवा चढवला होता, लेखकांना तेवढी सवलत असते असं समजून.

मग गेल्या नोव्हेंबरात, वारा नाही, लाट नाही अशा लख्ख दुपारी जाळं ओढताना नोरिआकीच्या पायात दोर अडकला आणि तो दोराबरोबर खाली गेला. दोर वर आला, तो आला नाही. नऊ दिवस गावातल्या झाडून सगळ्या बोटी शोधत होत्या. दहाव्या दिवशी शोध थांबला आणि भिक्षूंनी घंटा वाजवली.

बादली मात्र थांबली नाही. आता ती शिगेयुकी आणून ठेवायचा. दुपारी अडीचच्या सुमाराला मागच्या दाराशी बादली टेकल्याचा आवाज यायचा, मग रबरी बुटांचा लांब जाणारा आवाज. इत्सुको झाकण उघडून रीत म्हणून आत एकदा पाहायची आणि संध्याकाळी बादली धक्क्यावरून पाण्यात उलटी करायची. वहीत एक ओळ काढली नाही. शेवटचा भाग तिनं जुन्या वह्यांवरच पुरा केला आणि तीन आठवड्यांपूर्वी टोकियोला पाठवून दिला.

त्या भागात तिनं गुसोला मारलं होतं. शेवटच्या प्रकरणात, चार ओळींत. लढाई नाही, निरोप नाही, काही नाही. वरून एक नांगर पडतो आणि गुसो त्याच्याखाली चिरडतो.

म्हणून हातानाका आली होती. प्रकाशकांकडून तळराज्याचं काम बघणारी, तिशीतली मुलगी. येताना गोड पुरण भरलेल्या तांदळाच्या गोळ्यांचा खोका घेऊन आली. फोटोपुढे उदबत्ती लावली, हात जोडले आणि बुटक्या टेबलाशी येऊन बसली. मग अर्धा तास ती हवेबद्दल बोलली. बस वळणावळणाची आहे याबद्दल बोलली. खोक्याच्या कागदाबद्दलही बोलली.

"गुसोबद्दल आलीस ना?" शेवटी इत्सुकोच म्हणाली.

हातानाकानं चहाचा पेला खाली ठेवला. "बाई, मी बारा वर्षांची होते तेव्हा पहिला भाग वाचला. ही नोकरी मी त्याच्यामुळे धरली. म्हणजे गुसोमुळे. माझं सोडा. पण पोरं... बाई, निदान त्याला चांगलं मरण तरी द्या. चार ओळी काय हो!"

"चारच सुचल्या."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"नाही."

हे खरं होतं, आणि दुखणं तिथंच होतं. गुसोला मारलं की काहीतरी टोचेल, निदान राग तरी येईल, या आशेनं इत्सुकोनं त्या ओळी लिहिल्या होत्या. वीस वर्षं ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याला नांगराखाली घालायचं आणि काहीच वाटू नये, असं कसं होईल? पण झालं तसंच. पूर्णविराम दिला आणि ती उठून कपडे वाळत घालायला गेली. थंडीत बोटं बधिर झाली की सुई टोचून बघतात, तशी तिनं सुई टोचून पाहिली होती. रक्त आलं नाही.

"छपाईला परवा जायचंय," हातानाका म्हणाली. "उद्या तीनच्या बसनं मी निघते. तोवर तुम्ही विचार करा. नाहीच बदललंत तर तसंच छापू. शब्द तुमचा." मग उठता उठता, काहीतरी हलकं बोलून निघावं म्हणून, ती म्हणाली, "काल खानावळीत म्हटलं, हेद्याला आलेय तर तळलेला गुसो खाऊन बघते. तर ती बाई म्हणाली, यंदा गुसो लागतच नाही. वर्षभरात एक नाही. समुद्र तापतोय म्हणतात, त्यानं असेल का हो?"

"असेल," इत्सुको म्हणाली, आणि तिला दारापर्यंत पोचवून आली.

दार लावल्यावर ती तिथंच उभी राहिली. गुसो लागत नाही? कोळंबी एखाद्या साली कमी लागते, खेकडे रुसतात. पण गुसो? गुसो न लागायला काय झालं, तळावर खायला नसलं तरी तो चार-पाच वर्षं उपाशी जगतो. तिनं वर्षभराच्या बादल्या आठवून पाहिल्या. कंदिलवाल्या बया होत्या, उंदराच्या शेपटीचे मासे होते, एकदा झालरीच्या गळ्याचा शार्कही होता, वाकवून कोंबलेला. गुसो एकही नव्हता. नोरिआकीच्या बादलीत दर दोन-तीन दिवसांनी एखादा असायचाच.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती घराबाहेर पडली. वर्षभरात ती संध्याकाळी बादली उलटी करायला सोडून धक्क्याकडे गेली नव्हती, आणि त्या वेळी तिथं कोणी नसतं. वाटेत कियोकाकूचं दुकान लागतं. सुकी मासळी, कुरकुरीत पापड्या, आणि काचेच्या फळीवर कापूस भरलेले खेळण्यातले गुसो, लहान-मोठे, हे तिथलं नेहमीचं. फळीवर आता चिनी मातीची मांजरं बसली होती.

"कियोकाकू, गुसो कुठे गेले?"

कियोकाकू सत्तरीच्या पुढची, अख्ख्या गावाची जीभ. पण या प्रश्नावर ती जीभ टाळूला चिकटली. "ते होय? ते... ऊन लागून रंग उडाला गं त्यांचा. काढून ठेवलेत."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. ऊन काय माणूस बघून पडतं होय?" असं म्हणून तिनं मांजरांवरची धूळ झटकायला घेतली. मांजरांवर धूळ नव्हती. "तू कुठे निघालीस या वेळी?"

"धक्क्यावर."

"आज नको जाऊ," काकू म्हणाली, आणि का नको ते तिला सांगता आलं नाही.

बोटी येऊन लागल्या होत्या. शिगेयुकी आणि त्याचा म्हातारा खलाशी तोमेकिची, दोघं रबरी एप्रन बांधून मासळी निवडत उभे होते. हात असे चाललेले की बघणाऱ्याला दिसू नये काय कुठे गेलं. पण इत्सुकोनं वीस वर्षं डोळे याच कामाला लावले होते. तिला दिसलं. कोळंबी पाटीत, खेकडा पाटीत, आणि मधूनच एक करडी, जड वस्तू, खांद्यावरून मागे, थेट पाण्यात. मग आणखी एक. बघायचीसुद्धा गरज नाही, इतकी सवय झालेली.

ती जवळ गेली तसे धक्क्यावरचे आवाज एकेक करून बंद झाले. तोमेकिचीच्या हातात तेव्हा एक गुसो होता. टाकावा की धरावा हे त्याला उमगेना. चोरलेली गोळी लपवावी तसा त्यानं तो एप्रनच्या खिशात घातला.

"तोमेकाका, खिशात काय आहे?"

"खिशात? काही नाही. रुमाल."

रुमालाला पाय होते आणि ते खिशाच्या काठावर चढायला बघत होते.

"तोमे, जा, बर्फ आण," शिगेयुकी म्हणाला. म्हातारा खिसा दाबून धरून गेला. बाकीचेही कुठे कुठे कामाला लागले. शिगेयुकीनं हात धुतले, एप्रनला पुसले, पुन्हा धुतले. तो थोराड, कमी बोलणारा माणूस. भावाच्या बायकोशी वर्षभरात त्याचं बोलणं म्हणजे दाराशी बादली ठेवणं, एवढंच.

"कधीपासून चाललंय हे?" इत्सुकोनं विचारलं.

"काय?"

"भावोजी."

त्यानं मान खाली घातली. "पहिल्यापासून. सगळ्या बोटींना सांगितलंय, मीच सांगितलं. गुसो आला की परत टाकायचा, धक्क्यावर आणायचा नाही. खानावळीत सांगितलं, कियोला सांगितलं. वर्षश्राद्ध होईस्तोवर."

"मला दिसू नये म्हणून?"

"मग काय. तुला कशाला..." पुढचं त्यानं गिळलं.

"सगळ्या गावानं?"

"एकानंही नाही म्हटलं नाही. उलट मलाच म्हणाले, तांडेल, आम्हीच तुला हे सांगणार होतो."

इत्सुकोनं पाण्याकडे पाहिलं. "भावोजी, मला वाटायचं हे माझ्या एकटीच्याच डोक्यात आहे. मी असलं लिहिते म्हणून मला असलं सुचतं. शहाण्या माणसांच्या मनात असं येत नसेल. तुमच्यापैकी एकजण जरी विसरला असता ना, बादलीत चुकून एक गुसो आला असता, तर मी मनाला म्हटलं असतं, बघ, त्यांना काहीच वाटत नाही, तुझंच डोकं फिरलंय. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सांगितलंत की तुम्हालाही तेच दिसतं."

"आम्ही तुला वाचवायला बघत होतो गं."

"ठाऊक आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर शिगेयुकीला सोपं गेलं असतं, त्यानं दोन शब्द ऐकून घेतले असते आणि घरी गेला असता. पण ती नुसती उभी होती, बाजारात भाव ऐकून घेणाऱ्या बाईसारखी. ते त्याला सोसवेना. तो उलट्या पाटीवर बसला.

"तुमच्या मनात आलं, माझ्या मनात आलं असं म्हणतेस," तो म्हणाला. "मनातलं असतं तर बरं होतं. मी बघितलंय."

"काय बघितलंत?"

"चौथा दिवस. तुझ्याकडे भिक्षू आले होते त्या दिवशी. बाकी बोटी पलीकडे होत्या. आम्ही दोघं, मी आणि तोमे, तो पडला तिथंच पुन्हा जाळं ओढत होतो. जाळं जड आलं. इतकं जड की यंत्र कण्हायला लागलं. मला वाटलं, मिळाला. तोमेनं तर हात जोडले. जाळं वर घेतलं, तळाची गाठ सोडली..." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हातांकडेच बघत राहिला.

"गुसो," इत्सुको म्हणाली.

"दुसरं काही नाही. मासा नाही, खेकडा नाही. बोटीच्या फळीवर गुडघ्याइतके. अशी लठ्ठ जनावरं मी जन्मात पाहिली नाहीत. पोट इतकं भरलेलं की उताणी पडलेली सरळ होईनात. पुढं विचारू नकोस."

"मग काय केलंत?"

"काय करणार? फावड्यानं पाण्यात लोटले. सगळे. तोमेला शपथ घातली. आणि संध्याकाळी तुझ्या दाराशी येऊन सांगितलं की आज काही मिळालं नाही."

तिला ते आठवलं. ओल्या कपड्यांनी तो दाराशी उभा होता. तिनं चहा दिला होता आणि तो त्यानं एका घोटात, भाजत असताना प्यायला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, थंडीनं.

आता आपल्याला काहीतरी होईल म्हणून इत्सुको वाट बघत राहिली. तसलं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. वर्षभर तिच्या डोळ्यांपुढे नोरिआकी खाली जात होता. भात गरम करताना जात होता, दात घासताना जात होता. पायात दोर, वर उजेड कमी कमी होत चाललेला, आणि खाली चारशे मीटर. रोज जायचा आणि रोज पोचायचाच नाही. तळाबद्दल सात पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला आपला नवरा तळाला टेकलेला एकदाही दिसला नव्हता. म्हणून तीही कुठं टेकली नव्हती. आज पहिल्यांदा कोणीतरी तिला सांगत होतं की तो पोचला.

"म्हणजे त्यांना सापडला," ती म्हणाली.

शिगेयुकीनं मान वर केली.

"नऊ दिवस इतक्या बोटी फिरल्या, तुम्हाला कोणाला नाही सापडला. त्यांना चौथ्या दिवसाच्या आत सापडला."

"असं नको बोलू, इत्सुको."

"मी बोल नाही लावत, भावोजी. पोचला म्हणतेय. आणि एकटा नव्हता. गुडघ्याइतके होते म्हणालात ना?"

"होते."

"परत टाकलेत तेव्हा जिवंत होते?"

"ते मरत नाहीत इतक्या लवकर."

"तिथंच टाकलेत? दुसरीकडे नाही?"

"तिथंच. त्याच जागी."

"बरं केलंत," इत्सुको म्हणाली आणि कमरेतून वाकली. अंत्यविधी उरकून आलेल्यांपुढे घरची माणसं वाकतात, तशी, खूप वेळ. तिच्या नवऱ्याला अखेरचं हातानं उचललं असेल तर ते याच माणसानं, फावड्यानं का होईना, आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. शिगेयुकीनं तोंडावर हात घेतले. इतक्या मोठ्या माणसाला रडताना धक्क्यानं कधी पाहिलं नव्हतं. जे बघत होते त्यांनी चटकन दोऱ्या आवरायला घेतल्या.

तोमेकिची बर्फ न घेताच आला होता. इत्सुकोनं हात पुढे केला तेव्हा त्यानं एकदा तांडेलाकडे पाहिलं आणि खिशातला गुसो काढून तिच्या तळहातावर ठेवला. जड होता, गार होता. सगळे पाय एकदम हलवून तो तिच्या बोटांना धरून बसला. तिनं त्याला उलटंपालटं करून पाहिलं, पूर्वी पाहायची तसं, फक्त वही नव्हती. मग धक्क्याच्या पायऱ्या उतरून तिनं हात पाण्यात घातला आणि तो आपला आपण सुटेपर्यंत तसाच धरला. पाणी बोचरं होतं. ते बोचलेलं तिला कळलं.

बसला दहा मिनिटं होती. हातानाका थांब्यावर बॅग पायांशी घेऊन उभी होती. इत्सुकोला लांबून येताना पाहून ती दोन पावलं पुढं आली. बाईंची एक बाही कोपरापर्यंत भिजलेली होती, पण त्याबद्दल तिनं विचारलं नाही.

"त्या चार ओळी काढ," इत्सुको म्हणाली.

"काढू?" हातानाकाचा चेहरा एकदम उजळला, आणि मग तिला भीती वाटली. "म्हणजे मरण नीट लिहून देताय? मी थांबते हवं तर. उद्याच्या बसनं जाईन."

"मरण नाही. मारायचंच नाही त्याला. नांगर आला ती ओळ राहू दे. तो नांगर बाजूला पडतो. पुढचं पान मी रात्रीत पाठवते."

"बाई, मी... ऑफिसात सगळे..." मग हातानाकातली संपादिका जागी झाली. "पण ते विचारतील, असं अचानक का बदललं? छपाई थांबवायची म्हणजे कारण द्यावं लागतं. काय सांगू?"

वळणावर बस दिसली. इत्सुकोनं भिजलेल्या बाहीचं पाणी पिळून काढलं.

"सांग, त्याला मारता येत नाही," ती म्हणाली. "त्याच्यात आमचं माणूस आहे."